खांबातलं हत्यार

दोस्तांनो, ही गोष्ट आमच्या घरातलीच आहे. दिवाळीच्या सुट्टीत माझी बहीण तिच्या मुलाला घेऊन कल्याणहून आमच्याकडे आली. आम्ही राहतो शहापूर तालुक्यातल्या एका गावात, माझी शाळाही तिथलीच. भाचा आठवीत आहे. बहिणीच्या हातात चकल्यांचा डबा आणि चिरंजीवांच्या पाठीवर लॅपटॉप! घरात पाऊल टाकल्या टाकल्या पहिला प्रश्न, "मावशी, इथे नेटवर्क येतं का गं?"

"येतं की," मी म्हटलं, "पण त्यासाठी गोठ्यामागच्या टेकाडावर जाऊन उभं राहावं लागतं."

त्याने खिडकीतून टेकाडाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "राहू दे. माझा गेम नेटवर्कशिवाय चालतो."

झालं! दुसऱ्या दिवशी सकाळपासून माजघरातून आवाज यायला लागले. "अरे यार! परत हरलो!" थोड्या वेळाने पुन्हा, "परत हरलो!" शेवटी मी हातातलं लाटणं ठेवून बघायला गेले.

पडद्यावर जुन्या दगडी वाड्याचं अंगण होतं. चहूबाजूंना खांब. मधोमध एक मुलगी, तिच्या हातात त्रिशूळ आणि भोवती राक्षसांचा घोळका. मुलगी एकाला मारायची, तेवढ्यात दुसरा मागून यायचा.

"मावशी, इथे कुठेतरी भारी हत्यार लपवलेलं असणार," भाचा म्हणाला. "सगळ्या गेममध्ये असतं. मी सगळे कोपरे शोधले, पण सापडत नाही."

तेवढ्यात शेजारची मुलगी फराळाची ताटली परत द्यायला आली. ती आमच्याच शाळेत पाचवीत आहे. शाळेतल्या मल्लखांबावर चढली की तिला खाली उतरवणं अवघड! ती दारातच उभी राहून बघत होती. मग हळूच म्हणाली, "दादा, ही मुलगी कसरती करणारी आहे का रे?"

"हो, सर्कसवाली आहे. का?"

"मग ती खांबाला का नाही धरत?"

भाचा हसला. पण हरून हरून कंटाळला होता, म्हणून त्याने करून पाहिलं. मुलगी धावत गेली, खांबाला धरून गरकन फिरली आणि त्या फिरण्याच्या जोरात असा काही तडाखा दिला, की जवळचे राक्षस लांब फेकले गेले!

आमचे साहेब तोंड उघडं टाकून बघत राहिले. जे हत्यार ते सकाळपासून कोपऱ्याकोपऱ्यात शोधत होते, ते डोळ्यांसमोर उभं होतं. गंमत पुढेच आहे. ही युक्ती गेमने आधीच एका सूचनेत सांगितली होती. पण सूचना वाचेल तो भाचा कसला! बटण दाबून तो केव्हाच पुढे गेला होता.

पुण्यात तयार झालेली राजी

त्या मुलीचं नाव राजी. गेमचं नाव 'राजी : अॅन एन्शंट एपिक'. हा गेम परदेशातला असेल असं तुम्हाला वाटलं ना? मलाही तसंच वाटलं होतं. पण तो चक्क आपल्या पुण्यात तयार झालाय. अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयन मॉड यांच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या छोट्या मंडळीने तो बनवला.

गोष्ट आपल्या ओळखीची वाटेल अशीच आहे. राजी आणि गोलू ही बहीणभावंडं. रक्षाबंधनाच्या वेळी राक्षस येतात आणि लहान मुलांना पळवून नेतात. त्यात गोलूही जातो. त्याला पळवणाऱ्या राक्षसराजाचं नाव महाबलासुर. राजी भावाच्या शोधात निघते. सुरुवातीला तिच्या हातात काहीच नसतं. मग दुर्गादेवीच्या कृपेने तिला त्रिशूळ मिळतो, पुढे धनुष्य, मग तलवार आणि ढाल अशी शस्त्रं मिळत जातात. मधल्या गोष्टी बाहुल्यांच्या सावल्यांच्या खेळासारख्या दाखवल्या आहेत. वाडे आणि महाल पाहून राजस्थानची आठवण होते.

पण राजीचं खरं बळ तिच्या अंगातल्या कसरतीत आहे. ती भिंतीवर धावत चढते, तिथून उडी मारून खाली प्रहार करते, खांबाला धरून गिरकी घेते. म्हणजे भिंत हेही हत्यार आणि खांब हेही हत्यार! गेम बनवणाऱ्यांनी ते कुठल्या पेटीत लपवलं नाही. ते रोजच्या वस्तूत ठेवलं.

आमच्या पाचवीतल्या मुलीला ते लगेच का दिसलं? कारण खांब तिच्या ओळखीचा होता. मल्लखांब म्हणजे मल्लाचा खांब. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी ही विद्या नावारूपाला आणली. कुस्तीगीर या लाकडी खांबालाच जोडीदार समजून सराव करायचे. खांबाला एरंडेल लावायचं, हाताची आणि पायाची पकड घ्यायची, अढी मारायची, तेढी मारायची. जी मुलगी रोज खांबाला मिठी मारते, तिला खांब म्हणजे नुसता छताचा टेकू कसा वाटेल?

या गेमचीही एक लढाई झाली होती बरं का. २०१७ साली या मंडळींनी लोकांकडून थोडे थोडे पैसे जमवून गेम पुरा करायचं ठरवलं. पण ठरवलेली रक्कम जमली नाही. तरी त्यांनी काम सोडलं नाही. ऑगस्ट २०२० मध्ये राजी आधी 'निन्टेंडो स्विच' या यंत्रावर आली आणि ऑक्टोबरमध्ये संगणकावर. त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स' या जगभर गाजणाऱ्या सोहळ्यात, नव्या छोट्या मंडळींच्या पहिल्या खेळासाठीच्या बक्षिसाच्या यादीत राजीचं नाव झळकलं. बक्षीस दुसऱ्याला गेलं, पण पुण्याची राजी त्या यादीत होती!

हत्यार लपवतात तरी कशाला?

भाच्याने मला विचारलं, "मावशी, हत्यार लपवायचं तरी कशाला? सरळ हातात का देत नाहीत?"

प्रश्न चांगला होता. उत्तर शोधायला आपल्याला जपानमध्ये जावं लागेल. तिथे शिगेरू मियामोतो नावाचे एक गृहस्थ आहेत. मारिओला घडवणारे तेच. त्यांचं लहानपण क्योतोजवळच्या सोनोबे गावात गेलं. भोवती डोंगर, झाडी, भातशेती, म्हणजे साधारण आपल्या शहापूर-मुरबाडसारखंच म्हणा ना. एकदा भटकताना त्यांना जमिनीत एक भोक दिसलं. आत गुहा होती! आधी धीर झाला नाही. मग एक दिवस ते कंदील घेऊन आत उतरले. त्या अंधाराची, भीतीची आणि आनंदाची आठवण त्यांनी मोठेपणी एका खेळात घातली. १९८६ साली आलेला हा खेळ म्हणजे 'द लेजंड ऑफ झेल्डा'.

आमच्या मुरबाड तालुक्यातल्या गोरखगडावर कोणी गेलंय का? देहरी गावातून चढलं की वर कातळात खोदलेली गुहा लागते, पुढे चाफ्याची झाडं आणि समोर मच्छिंद्रगडाचा सुळका. त्या गुहेच्या तोंडाशी उभं राहिलं की छातीत कसं धडधडतं! मियामोतोंना तेच धडधडणं मुलांना द्यायचं होतं.

झेल्डामध्ये लिंक नावाचा मुलगा असतो. खेळ सुरू होतो तेव्हा त्याच्याकडे तलवारही नसते. पण पहिल्याच चित्रात डोंगरात एक काळं दार दिसतं. आत गेलं की एक म्हातारबाबा त्याला लाकडी तलवार देतो. जो घाईने पुढे पळाला, तो बिनतलवारीचाच गेला! म्हणजे पहिला धडा : दार दिसलं तर डोकावून बघा.

पुढे याहून चांगली, पांढरी तलवार आहे. ती धबधब्याजवळच्या गुहेत आहे. पण गुहा सापडली तरी तलवार लगेच मिळत नाही. तुमच्याकडे जीवाची पाच बदामं जमलेली असतील, तरच बाबा ती उचलू देतो. सगळ्यात मोठी जादूची तलवार स्मशानातल्या एका थडग्याखाली आहे. थडग्याचा दगड ढकलला की खाली जिना दिसतो. पण तिथे लागतात बारा बदामं. आणि ही बदामं बाजारात मिळत नाहीत. एकेक भुयार पार करून, राक्षस हरवून आणि गुहा धुंडाळून ती कमवावी लागतात.

म्हणजे दुसरा धडा : नुसतं ठिकाण कळून उपयोग नाही, ते हत्यार पेलायचं बळ आधी अंगात यायला हवं. पहिलवान नाही का, आधी जोर-बैठका आणि मग गदा!

मियामोतोंची आणखी एक इच्छा होती. एका मुलाला सगळी गुपितं सापडू नयेत. मुलांनी एकमेकांना विचारावं, सांगावं, त्यावर गप्पा माराव्यात. खेळ एकट्याने खेळायचा असला, तरी शोध मात्र सगळ्यांनी मिळून घ्यायचा.

एसटीच्या तिकिटावरचं गुपित

हे मात्र मला अगदी पटलं, कारण मी ते अनुभवलंय. माझं माहेर मुरबाडकडचं. माझ्या लहानपणी आमच्या आळीत एकाच घरी टीव्ही गेम होता. टीव्हीला वायर जोडायची, वरून कॅसेट खोचायची, चालली नाही की फुंकर मारायची आणि पुन्हा खोचायची. आम्ही दहा-बारा मुलं आणि रिमोट दोन! प्रत्येकाला एकेक डाव. त्यात वीज गेली की सगळं परत पहिल्यापासून.

आमचा लाडका खेळ होता 'कॉन्ट्रा'. दोन शिपाई जंगलातून धावतात आणि समोरून गोळ्या येतात. मधूनच आकाशात एक गोळीसारखं काहीतरी तरंगत जायचं. नवीन मुलगा ते सोडून द्यायचा, जुना मुलगा आधी ते फोडायचा! कारण त्यात हत्यार लपलेलं असायचं. त्यातून 'एस' अक्षर पडलं की सगळी आळी ओरडायची. ती बंदूक एका वेळी पंख्यासारख्या पसरणाऱ्या गोळ्या सोडायची. पण एक जीव गेला की ती बंदूकही गेली. त्यामुळे 'एस' मिळाला की आम्ही बिनधास्त होण्याऐवजी उलट जास्त जपून खेळायचो!

एका मे महिन्यात डोंबिवलीचा मावसभाऊ आला. त्याने खिशातून एसटीचं तिकीट काढलं. मागे पेनाने लिहिलं होतं : वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. खेळाच्या पहिल्या चित्रावर ही बटणं या क्रमाने दाबायची आणि मग सुरुवात करायची. तीनऐवजी तीस जीव! आम्हाला वाटलं, ही जादू डोंबिवलीत कोणीतरी शोधून काढली असणार.

खरी हकीकत मला पुष्कळ वर्षांनी कळली. कोनामी नावाच्या जपानी कंपनीत काझुहिसा हाशिमोतो नावाचे एक कामगार होते. 'ग्रेडियस' हा विमानांच्या लढाईचा खेळ घरच्या यंत्रासाठी तयार करायचं काम त्यांच्याकडे होतं. हा खेळही १९८६ सालचाच. तपासण्यासाठी तो शेवटपर्यंत खेळावा लागायचा. पण खेळ इतका अवघड, की खुद्द बनवणाराच हरायचा! मग त्यांनी स्वतःच्या सोयीसाठी बटणांचा हा क्रम आत घालून ठेवला. खेळ मध्येच थांबवून तो दाबला, की विमानाला जवळजवळ सगळी शस्त्रं एकदम मिळायची. खेळ बाजारात गेला, तेव्हा तो क्रमही आतच राहिला. पुढे कोनामीच्या कितीतरी खेळांत तो मुद्दाम घातला गेला आणि कॉन्ट्रामधून फिरत फिरत आमच्या मुरबाडला एसटीच्या तिकिटावर येऊन पोहोचला. हाशिमोतो २०२० साली वारले. आमच्या आळीला त्यांचं नावही माहीत नव्हतं, पण त्यांनी लपवलेलं गुपित तोंडपाठ होतं!

आणि हे खोटं हत्यार

आता जरा गंभीर गोष्ट सांगते. गेल्या फेब्रुवारीत आमच्या शाळेतला सहावीतला एक मुलगा चार दिवस आला नाही. मी घरी गेले, तर आई म्हणाली, "बाई, तो तर रोज दप्तर घेऊन निघतो." शोधलं तेव्हा तो ओढ्याकाठी दगडावर बसलेला सापडला. डबाही तसाच होता. बाजूला बसले आणि काही न विचारता बसून राहिले. पुष्कळ वेळाने तो बोलला.

तो बाबांच्या फोनवर लढाईचा एक खेळ खेळायचा. एक दिवस फोनवर निरोप आला. 'कोणालाच माहीत नसलेली छुपी बंदूक. आज फुकट. खाली दाबा.' त्याने दाबलं. खेळाचं नाव आणि पासवर्ड विचारला, त्याने भरला. मग फोन नंबर विचारला, तोही भरला. मग फोनवर आलेला ओटीपी विचारला. त्याने तोही दिला. बंदूक काही आली नाही. संध्याकाळी बाबांच्या खात्यातून आठ हजार चारशे रुपये गेले होते. भेंडीच्या तोड्याचे पैसे होते ते. पहाटे उठून, खाजऱ्या पानांत हात घालून तोडलेल्या भेंडीचे.

त्याचे बाबा मला म्हणाले, "पैशाचं काय बाई, परत भेंडी तोडू. पण पोर बोलत नाय माझा. जेवत पण नाय."

आम्ही तिघं मिळून १९३० या क्रमांकावर फोन केला. फोन आणि इंटरनेटवरून पैसे लुबाडले गेले, तर तक्रार करण्यासाठी हा देशभर चालणारा क्रमांक आहे. तक्रार घेतली गेली. पण मधले चार दिवस निघून गेले होते. असे पैसे एका खात्यातून दुसऱ्यात झरझर पुढे सरकवले जातात. लवकर कळवलं, तर ते वाटेत अडवता येण्याची आशा असते. त्याचे पैसे अजून मिळालेले नाहीत.

मुलांनो, तो मुलगा मूर्ख नव्हता हो. गणितात पहिल्या तिनांत असतो. मग फसला कसा? कारण खेळात हत्यारं खरोखर लपलेली असतात, हे त्याला ठाऊक होतं. चोराने त्याच्या कुतूहलाचाच गळ केला. आणि मार बसेल या भीतीने तो गप्प राहिला, त्यात चार दिवस गेले.

आता नीट समजून घ्या. नेटवर्कवर चालणाऱ्या खेळात तुमच्याकडे कुठली हत्यारं आहेत, याची यादी तुमच्या फोनमध्ये नसते. ती खेळ चालवणाऱ्या कंपनीच्या मोठ्या संगणकात असते. कोऱ्या वहीवर तुम्ही 'गणितात शंभर' लिहिलंत, म्हणून बाईंच्या हजेरीबुकात शंभर होतात का? तसंच हे. बाहेरची कुठलीही लिंक त्या यादीत हत्यार घालू शकत नाही. ती फक्त तुमच्याकडचं काहीतरी काढून घेऊ शकते.

खरं आणि खोटं ओळखायला मी मुलांना तीन प्रश्न शिकवलेत :

१. हे गुपित खेळाच्या आत सापडतं का? खरं हत्यार खेळातच असतं. गुहेत, थडग्याखाली, नाहीतर खांबात. त्यासाठी खेळाबाहेर जावं लागत नाही.

२. ते माझ्याकडे काय मागतं? खरं गुपित तुमचं लक्ष मागतं, वेळ मागतं, सराव मागतं. पासवर्ड आणि ओटीपी कधीच मागत नाही.

३. ते मला घाई करतं का? 'आजच', 'आत्ताच', 'शेवटची दहा मिनिटं' असं म्हणणारा चोर असतो. झेल्डातली तलवार १९८६ पासून त्या थडग्याखालीच आहे, ती कुठे पळून जात नाही!

शाळेच्या मैदानावरचा शोध

दिवाळीनंतर शाळा उघडली, तेव्हा राजीचा खांब माझ्या डोक्यातून जात नव्हता. मी मुलांना म्हटलं, "आपणच एक खेळ करू. मोबाइल नको, वीज नको. पुठ्ठ्याचा एक त्रिशूळ करा आणि शाळेच्या आवारात लपवा. रोज एका गटाने लपवायचा, बाकीच्यांनी शोधायचा." नियमही मुलांनीच ठरवले. खूण खरी असली पाहिजे. शोधायला पैसे लागता कामा नयेत. आणि आवारातल्या कोणालाही तिथे पोहोचता आलं पाहिजे.

पहिले दोन दिवस त्रिशूळ लगेच सापडले. एक फळ्यामागे, एक पाण्याच्या टाकीखाली. तिसऱ्या दिवशी लपवायची पाळी त्याच मुलाच्या गटाची आली. फेब्रुवारीपासून तो वर्गात कमीच बोलत होता. आता सातवीत गेला होता, पण बाक शेवटचाच. त्याने खूण लिहिली आणि फळ्याला लावली :

'जो रोज आपल्याला वर घेतो, पण स्वतः जागचा हलत नाही, त्याचं डोकं जेवणाच्या सुट्टीत जमिनीवर जिथे टेकतं, तिथे बघा.'

परिपाठ झाला, पहिला तास झाला, मुलं सगळीकडे धावत होती. जिना शोधून झाला, झोका शोधून झाला. पाचवीतली आमची मल्लखांबवाली मात्र मैदानाच्या कडेला शांत बसली होती. मी विचारलं, "काय गं, शोधत नाहीस?"

"बाई, अजून सुट्टी झाली नाही ना," ती म्हणाली.

जेवणाची घंटा झाली तशी ती उठली आणि मल्लखांबापाशी गेली. उन्हात मल्लखांबाची सावली पडली होती. सावलीच्या टोकाला, खांबाच्या बोंडाची सावली पडली होती तिथे, एक चपटा दगड होता. दगडाखाली त्रिशूळ!

सगळी शाळा ओरडली. आणि तो मुलगा, लपवणारा, सगळ्यांत मोठ्याने ओरडला. मग मला म्हणाला, "बाई, मी तीन दिवस सुट्टीत सावलीवर खडूने खुणा केल्या होत्या. पण उन्हाळ्यात ती तिथे पडणार नाही. तेव्हा सावली आखूड होईल." पुढचा तास मी विज्ञानाचा घेतला नाही. त्यालाच फळ्यासमोर उभं केलं.

दुसऱ्या दिवशी तो दुसऱ्या बाकावर बसला होता.

पालकांसाठी थोडं

तुमचं मूल खेळात काहीतरी शोधत असेल, तर लगेच फोन हिसकावू नका. पाच मिनिटं शेजारी बसा आणि विचारा, "काय शोधतोयस? खूण काय आहे?" ते आनंदाने सांगेल. मग खेळायची वेळ ठरवून द्या आणि ती पाळायला लावा. पैसे असलेल्या खात्याचा फोन मुलांच्या हाती मोकळा सोडू नका. आणि आजच मुलाला सांगून ठेवा, 'कधी फसलास, तर मला त्याच मिनिटाला सांग. मी रागावणार नाही.' आमच्या गावातल्या त्या बाबांनी आता घराच्या दारामागे खडूने १९३० लिहून ठेवलंय. खाली मुलाच्या अक्षरात लिहिलंय, 'लगेच सांगायचं.'

आता तुमची पाळी!

दोस्तांनो, या रविवारी मित्रमैत्रिणींना जमवा. पुठ्ठ्याचं एक हत्यार करा आणि लपवा. खूण अशी लिहा, की ती खरी असेल, पण पटकन उलगडणार नाही. सावली वापरा, वारा वापरा, कोंबड्याच्या आरवण्याची वेळ वापरा. विहिरीजवळ, विजेच्या खांबाजवळ, रस्त्यावर मात्र काही लपवायचं नाही हं!

आणि हो, माझा भाचा कल्याणला गेल्यावर त्याचा फोन आला. "मावशी, तिला विचार ना, पुढे एक मोठा राक्षस आहे, त्याला कसं हरवायचं?"

मी शेजारी जाऊन विचारलं. ती मल्लखांबाला लावायचं एरंडेल हाताला चोळत होती. म्हणाली, "त्याला सांगा, आधी सूचना वाच!"